टक्के शरीराचे मोजले, घरातले हात कोण मोजणार?

घरातले एक माणूस अंथरुणाला खिळले की दोन माणसे कामातून जातात. एक तो स्वतः आणि दुसरी त्याचे करणारी. ही दुसरी बहुतेक घरांत आई असते, नाहीतर बहीण किंवा सून. सरकारी कागदावर मात्र नोंद पहिल्याचीच होते. त्याचे शरीर किती टक्के निकामी आहे, एवढेच मोजले जाते. दुसरीचे दिवसाचे किती तास गेले, किती मजुरी बुडाली, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. त्याविषयी आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. दिवसभर कचेरीत कागद आणि रविवारी वंदना झाल्यावर विहारातही कागदच. वस्तीतल्या लोकांचे दाखले पाहायचे, अर्ज भरून द्यायचे, हे काम आम्ही काही कार्यकर्ते बरीच वर्षे करीत आहोत. त्यामुळे अपंगांच्या दाखल्याचे नियम कसे बदलत गेले, ते आम्ही जवळून पाहिले.

१९९५ सालच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ साली नवा कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, स्वमग्नता यांचाही समावेश झाला. 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. १ जून २०२१ पासून दाखला फक्त 'यूडीआयडी'च्या ऑनलाइन व्यवस्थेतूनच मिळू लागला. मार्च २०२४ मध्ये टक्केवारी ठरवण्याच्या सूचना सुधारल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमही बदलले आणि दाखला देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. एवढे बदल झाले, पण मुख्य प्रश्न जुनाच राहिला : किती टक्के? चाळीसच्या वर गेलात तर दार उघडते, नाहीतर बंद.

आमच्या वस्तीत चोवीस वर्षांची एक मुलगी आहे. जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. हात वळत नाही, मान धरवत नाही. दाखल्यावर नव्वद टक्के. आई पूर्वी चार घरची धुणीभांडी करायची. मुलगी मोठी झाली, वजन वाढले, तेव्हा एकटीला घरी ठेवणे अशक्य झाले आणि आईने कामे सोडली. वडील सेंटरिंगच्या कामावर जातात. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे या घराला मिळतात. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ही रक्कम १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला, हे चांगलेच झाले. परंतु पायाने थोडा अधू असलेल्या, पानठेला चालवणाऱ्या चाळीस टक्केवाल्या भावालाही तेवढेच आणि या मुलीलाही तेवढेच. त्या भावाचे कमी करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण दोन्ही घरांचा भार सारखा आहे काय? आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, टक्के तर डॉक्टरनं लिहिले, पण रात्री चार वेळा कूस बदलून द्या लागते, ते कुठं लिहू?" अर्जात तसा रकानाच नव्हता.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार किती घरांत आहे, हे वाचकांना सांगायला नको. आमच्या माहितीतला एक तरुण दुखणे उसळले की आठ-आठ दिवस उठत नाही. त्याला भरवायला, पाणी द्यायला, दवाखान्यात न्यायला घरचे माणूस लागते. तपासणीच्या तारखेला मात्र तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. टक्केवारी चाळीसच्या खाली आली. दुखणे येते-जाते, तारीख मात्र एकच असते.

अशा वेळी लोक म्हणतात, कायद्यात काही सोयच नाही. पण सोय आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ३८ पाहावे. चाळीस टक्क्यांचा दाखला असलेल्या ज्या माणसाला जास्त आधाराची गरज आहे, त्याला तसा अर्ज करता येतो आणि मूल्यांकन मंडळाने त्याची गरज तपासायची असते. म्हणजे इथे शरीरात काय उणे आहे, याच्या पुढे जाऊन जगण्यासाठी काय लागते, असा प्रश्न येतो. कलम २४ मध्ये अशा माणसासाठी काळजीवाहकाचा भत्ता योजनेत घ्यावा, असेही लिहिले आहे. अर्थात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द आधी घातलेच आहेत! आणि चाळीसच्या खालच्या सिकलसेलवाल्या तरुणाला हेही दार बंदच. त्यासाठी वेगळे भांडावे लागेल.

कोणी म्हणेल, स्वतःच्या लेकराचे करायला पैसे कशाला? १९२८ साली मुंबई विधान परिषदेत कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा भार मुळात सरकारने उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. बाळंतपण घरातलेच, पण त्याची जबाबदारी समाजाची. मग आयुष्यभराच्या सेवेची का नसावी?

विनयपिटकात आजारी भिक्खूची हकिकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागवले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन पुसून खाटेवर निजवले. पुढे शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण हवेत, तेही सांगितले. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस नसावी, धम्माच्या बोलण्याने रुग्णाला धीर देता यावा. सेवा करणाऱ्याच्या कामाचा एवढा बारकाईने विचार अडीच हजार वर्षांपूर्वी झाला. आमच्या वस्तीतल्या त्या आईकडे हे पाचही गुण आहेत, फक्त तिच्या नावाचा कागद नाही.

तेव्हा महिला मंडळांना आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. कलम ३८ चा अर्ज त्या माणसाच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही करू शकते, असे कायद्यातच आहे. ज्या घरात असे माणूस आहे, तिथे एक वही द्यावी. पंधरा दिवस रोज लिहावे : किती वेळा भरवले, किती वेळा कपडे बदलले, रात्री किती वेळा उठावे लागले, किती दिवसांची मजुरी बुडाली. आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी लिहून द्यावे. त्या वहीची प्रत अर्जाला जोडावी, अर्जाची पोच घ्यावी आणि तारीख टाकून जपून ठेवावी. उत्तर आले नाही तर त्याच पोचेच्या आधारावर दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी. एकेकट्या घराचा अर्ज फाइलीत पडून राहतो. एका वस्तीतून वीस अर्ज एकाच दिवशी गेले, तर साहेबाला मान वर करून पाहावेच लागते. जय भीम.