लांबुडक्या चेंडूचें भय

मे 2016 मध्यें मी मेलबर्नला बहिणीकडे राहावयास गेलों होतों, तेव्हां घरांत एक प्रकारचें सुतक असल्याचा भास झाला. चौकशीअंतीं कळलें कीं, भाच्याचा आवडता रिचमंड संघ मोसमांतल्या पहिल्या सात सामन्यांपैकीं सहा हरला होता. अशा दुःखांत सहभागी होणें हें मामाचें कर्तव्यच. तेव्हां पुढें एका रात्रीं त्याच्याबरोबर मीहि मैदानावर जाऊन बसलों.

तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. क्रिकेटचेंच लंबवर्तुळाकार मैदान, दोन्ही बाजूंस अठरा-अठरा खेळाडू, आणि दोन्ही टोकांस चार-चार खांब. लाथेनें मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांमधून गेला तर सहा गुण. बाजूच्या अंतरांतून गेला तर एक. चेंडू हातांत घेऊन पळतां येतें, पण तो फेंकतां येत नाहीं. सोबत्यास द्यावयाचा तर मुठीनें ठोसून द्यावा लागतो. दुरून आलेली लाथ जमिनीस लागण्यापूर्वीं झेलली, तर झेलणाऱ्यास कोणाचाहि अडथळा न होतां पुढची लाथ मारण्याची सवलत मिळते. मात्र चेंडू जमिनीवर पडला कीं सारा हिशेब संपतो. तो लांबुडका असल्यामुळें कोणीकडे उसळेल हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं!

रिचमंडच्या खेळाडूंना नेमकें याच उसळण्याचें भय वाटत असावें. ते चेंडू झेलीत, थांबत, इकडे-तिकडे पाहत, आणि मग शेजारच्या मोकळ्या गड्यास हळूच देत. “आतां बघा मामा, मागें देतील,” असें भाचा म्हणे, आणि तो चेंडू खरोखरच मागें जाई. चुकूं नये एवढ्याच एका हेतूनें केलेला तो खेळ पाहतांना जीव गुदमरत होता. अखेर चूक होई ती होईच, आणि तीहि स्वतःच्या गोलासमोर.

वस्तुतः ही शैली मुळांत वाईट नव्हे. हॉथॉर्ननें 2013, 2014 व 2015 अशीं लागोपाठ तीन विजेतेपदें अचूक लाथांच्याच बळावर मिळविलीं होतीं. परंतु हॉथॉर्नची लाथ मुक्कामीं पोंचे. त्यांचा सावधपणा हा कौशल्याचा होता, रिचमंडचा धास्तीचा. 2013 पासून तीन वर्षें हा संघ बादफेरींत पहिल्याच सामन्यास गारद झाला होता, आणि 1980 नंतर विजेतेपद कसलें तें त्यास ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं परततांना मला माझ्याच वर्गाची आठवण झाली, हें कबूल करावयास हवें. वीस वर्षांपूर्वींच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून मी शेक्सपियर शिकवीत असें. कोणी मुलानें आडवा प्रश्न विचारला, तर “तें पुढें येईल” म्हणून तो मीं अलगद मागें धाडावा! मुलें माझ्या व्याख्यानांस शांत बसत. त्या शांततेस मी इतकीं वर्षें यश समजत आलों होतों.

त्या मोसमाच्या अखेरच्या सामन्यांत सिडनीनें रिचमंडला 113 गुणांनीं लोळविलें. अठरा संघांत तेरावा क्रमांक. संचालक मंडळच उलथून टाकण्याची भाषा सुरू झाली. तरी अध्यक्षा पेगी ओनील डगमगल्या नाहींत, व शिक्षक डेमियन हार्डविक यांस काढलें नाहीं. हार्डविकनींहि आपली पद्धत पालटली. एकेका खेळाडूनें सर्वांसमोर उभें राहून आपला आदर्श पुरुष, आपल्यावरील संकट व आपला आनंदाचा क्षण सांगावा, असा परिपाठ घातला. हें ऐकून मी प्रथम हसलों होतों. पण ज्यानें आपलें दुःख सोबत्यांपुढें उघडें केलें, त्यास त्यांच्यापुढें चेंडू सुटण्याची लाज ती काय वाटणार?

खेळहि बदलला. आघाडीस जॅक रीवोल्ट हा एकच उंच गडी. भोंवतीं डॅनियल रिओली, डॅन बटलर यांसारखे ठेंगणे व चपळ. चेंडू झेलतां आला नाहीं तर खालीं पाडावा, कसाहि पुढें ढकलावा, आणि प्रतिपक्षाच्या हातीं गेलाच तर त्यास उसंत देऊं नये. ज्या उसळण्याचें भय, त्यालाच त्यांनीं आपला एकोणिसावा गडी केलें. हें एका दिवसांत साधलें नाहीं. 2017 च्या मे महिन्यांत लागोपाठ तीन सामने त्यांनीं पांच, दोन व तीन गुणांनीं घालविले, आणि भाच्यानें मला फोनवर सांगितलें, “मामा, झालें! पुन्हां तेंच.” परंतु तें तेंच नव्हतें, त्या पराभवांनंतरहि चेंडू मागें गेला नाहीं.

30 सप्टेंबर 2017 रोजीं एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर रिचमंडनें अॅडलेडला 108 विरुद्ध 60 असें हरविलें. भाचा फोनवर नुसता रडत होता. मीहि कांहीं बोललों नाहीं. पुढें 2019 व 2020 मध्यें आणखी दोन विजेतेपदें आलीं. मग हार्डविक गेले, जुने गडी पांगले, आणि 2024 मध्यें तेवीस सामन्यांपैकीं दोनच जिंकून हा संघ अगदीं तळाशीं गेला. त्या वर्षीं मीं भाच्यास भीतभीतच विचारलें कीं, पोरें पुन्हां मागें खेळूं लागलीं काय?

“नाहीं मामा,” तो म्हणाला, “पुढेंच मारतात. सध्यां फक्त जमत नाहीं.”