एका तबकडीची साधनचिकित्सा : ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’

१/ १४ फेब्रुवारी १९७०, शनिवार. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाची रिफेक्टरी, म्हणजे विद्यार्थ्यांचे भोजनगृह. त्या रात्री तेथे सुमारे दोन हजार माणसे दाटीवाटीने जमली होती. कार्यक्रम होता ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणातून निघालेली तबकडी म्हणजे ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’. प्रत्यक्ष कार्यक्रमातील रॉकचे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण कोणते, हा वाद निघाला की तिचे नाव हमखास घेतले जाते.

२/ मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला अस्सल पत्र आणि बखर यांतील भेद सांगावा लागत नाही. एक घटनेच्या क्षणी लिहिलेले, दुसरी मागाहून जुळवलेली. मग ही तबकडी काय आहे? अस्सल कागद की बखर? तिच्यावर जीव असणाऱ्यांनाही हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो विचारल्याने तिच्यावरचे प्रेम कमी होत नाही.

३/ पार्श्वभूमी अशी. मे १९६९ मध्ये बँडचा ‘टॉमी’ हा रॉक ऑपेरा प्रसिद्ध झाला आणि ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सवात त्यांनी तो गाजवला. रंगमंचावरचा त्यांचा दांडगा आवाज मात्र स्टुडिओतील तबकड्यांत उतरत नसे. अमेरिकेच्या दौऱ्यातील अनेक कार्यक्रम त्यासाठीच ध्वनिमुद्रित झाले. पण एवढे सारे ऐकून निवड करायची कोणी आणि केव्हा? गिटारवादक व गीतकार पीट टाउनशेंड याने पुढे स्वतः सांगितल्याप्रमाणे, त्या फिती जाळून टाकण्यास त्याने ध्वनितंत्रज्ञाला सांगितले. चोरट्या तबकड्या काढणाऱ्यांच्या हाती त्या लागू नयेत, हाही हेतू होता. एक अख्खे दफ्तर असे आगीत गेले.

४/ त्याऐवजी नव्याने दोन कार्यक्रम ठरले : १४ फेब्रुवारीला लीड्स, १५ला हल. हलच्या मुद्रणात सुरुवातीच्या काही गाण्यांत बेस गिटार उमटलीच नव्हती. म्हणून लीड्सची निवड झाली. ही तबकडी हलच्या नावाने ओळखली गेली नाही, याचे कारण एक तांत्रिक बिघाड आहे. इतिहासात अनेकदा श्रेष्ठ तेच टिकते असे नाही. जे नीट नोंदले गेले, ते टिकते.

५/ आता वेष्टण पाहा. १९६९ मध्ये बॉब डिलनची अप्रकाशित गाणी ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या चोरट्या तबकडीतून बाजारात आली होती. साधे पांढरे वेष्टण, कंपनीचे नाव नाही. रॉकमधील ‘बुटलेग’चा धंदा तेथून फोफावला. ‘द हू’ने मे १९७० मध्ये आपली अधिकृत तबकडी याच वेषात आणली : साधे तपकिरी वेष्टण आणि रबरी शिक्क्याने उमटवल्यासारखे नाव. आत चिकटपट्टीवर हाताने लिहिल्यासारखी सूचना होती, की खरखर ऐकू येते ती तशीच असू द्यावी, दुरुस्त करू नये. अस्सलाने नकलेचे सोंग घेतले ते अधिक अस्सल वाटावे म्हणून.

६/ वेष्टणात सुटे कागदही होते : लंडनच्या मार्की क्लबमधील कार्यक्रमांची जाहिरात, वुडस्टॉकचा करार, एका ध्वनिमुद्रण कंपनीने पूर्वी धाडलेले नकाराचे पत्र. सगळ्या छापील प्रतिकृती. पंचविशीच्या आतबाहेरच्या चौघांनी आपले दफ्तर आपणच लावून श्रोत्याच्या हाती दिले, तेही अपमानाचा कागद न गाळता.

७/ आणि संगीत? मूळ तबकडीवर अवघी सहा गाणी आहेत. त्यांतील तीन दुसऱ्यांची. पहिले, ‘यंग मॅन ब्लूज’, अमेरिकी पियानोवादक मोझ अ‍ॅलिसनचे. मुळात ते दीड-दोन मिनिटांचे, हलक्या आवाजातले. येथे त्याचे जवळपास पाच मिनिटांचे वादळ होते. रॉजर डाल्ट्री एक ओळ गातो, सगळी वाद्ये गप्प होतात. मग तिघे एकदम तुटून पडतात. त्या मधल्या रिकाम्या क्षणांत श्वास रोखला जातो. मोठा आवाज कोणीही काढील. तो असा थांबवणे कठीण.

८/ एका बाजूच्या स्पीकरमधून जॉन एन्ट्विसलची बेस, दुसऱ्या बाजूने टाउनशेंडची गिटार, मध्ये कीथ मूनचे ड्रम. येथे बेस साथीला नाही, ती पुढाकार घेते. ड्रम ताल धरून बसत नाहीत, गाण्याशी वाद घालतात. आणि बहुतेक वेळ लय सांभाळते ती गिटार. तिघांनी कामे अदलाबदल केली आहेत आणि तरीही डोलारा कोसळत नाही.

९/ त्या रात्री ‘टॉमी’ जवळजवळ संपूर्ण सादर झाला होता. तबकडीवर तो नाही. मात्र ‘माय जनरेशन’ हे १९६५चे छोटे गाणे येथे चौदा मिनिटांहून लांब चालते आणि त्यात मध्येच ‘टॉमी’चे सूर डोकावतात. गाळलेल्या मजकुराची खूण उरलेल्या पानावर राहावी, तसे.

१०/ पुढे साधने वाढत गेली. १९९५च्या आवृत्तीत चौदा गाणी आली. २००१ मध्ये ‘टॉमी’ही आला, पण वेगळ्या तबकडीवर, प्रत्यक्षात तो कार्यक्रमाच्या मध्यावर झाला होता. २०१० मध्ये हलचा कार्यक्रमही बाहेर आला, तेव्हा तेथे न उमटलेल्या बेसच्या जागी लीड्सची बेस जोडण्यात आली. एका रात्रीचे वादन दुसऱ्या रात्रीत शिवले गेले. ऐकायला ते उत्तमच लागते, पण असे संपूर्ण वादन त्या संध्याकाळी हलमध्ये कोणीही ऐकलेले नाही.

११/ तर मग अस्सल कागद की बखर? उत्तर बहुधा असे : साधन अस्सल, मांडणी बखरीची. वाद्यांवर पडलेला प्रत्येक आघात त्या रात्रीचा आहे. कोणते आघात ऐकू यावेत, हे मागाहून ठरले. यात फसवणूक नाही. जतन करणारा प्रत्येक जण निवडतो. वाचकाने एवढेच विचारायचे : कोणी निवडले, काय गाळले आणि काय जाळले?

१२/ कीथ मून १९७८ मध्ये गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. एन्ट्विसल २००२ मध्ये. जून २००६ मध्ये साठी ओलांडलेले डाल्ट्री आणि टाउनशेंड त्याच भोजनगृहात पुन्हा वाजवायला आले, आणि तेथे निळा स्मृतिफलकही लागला. तारुण्याच्या उद्दामपणाचे गाणे रचणाऱ्याला म्हातारपण आले आणि त्याने ते तेथेच येऊन मान्य केले.

१३/ तपकिरी वेष्टणातले ते चौघे मात्र अजून तेवीस ते पंचवीस वर्षांचेच आहेत. जळालेल्या फितींत ते याहून चांगले वाजले असतील, नसतील. उरली आहे ती ही एक रात्र. ती ऐकताना खरखर जरूर ऐका. ती तशीच ठेवायची, हेही कोणीतरी ठरवले होते.