खंदकातलं पाणी

रविवार, कंधार

चीनमधलं जोऊज्वांग मी फक्त फोटोंत पाहिलंय. कालव्यांचं गाव; एकमेकांना काटकोनात भिडलेले दोन पूल, एकाची कमान गोल, दुसऱ्याची चौकोनी. दोन्ही मिळून जुन्या चिनी किल्लीसारखे दिसतात. १९८४ साली चित्रकार चेन यीफेई यांनी ते रंगवले आणि गाव जगभर गाजलं.

आपल्याकडे चित्रकार येईपर्यंत बाभळी उगवतात! मराठवाड्यातल्या कंधारच्या किल्ल्याभोवतीचा खंदक आज हिरवट पाण्याने भरलाय. तटाच्या दगडांवर जुन्या पातळीची पांढुरकी रेघ आहे. तिच्या वर कोरडा काळा दगड, खाली शेवाळ. सांध्यांतून पिंपळाची रोपं निघालीत. ती आत्ताच उपटायला हवीत, मुळं जाड झाली की तट फाटतो. गावाजवळच जगत्तुंग तलाव. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचं बिरुद. म्हणजे इथली पाण्याची हौस हजार वर्षांहून जुनी.

आणि याच मराठवाड्यात २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. इथेच, सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवर, नळदुर्गही लागतो. तिथे इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३मध्ये, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. बंधाराही तोच, किल्ल्याच्या दोन भागांना जोडणारी वाटही तीच. माझ्या मते जोऊज्वांगच्या पुलांपेक्षा हे काम अवघड.

कंधारला पावसाळा सरता सरता या. मात्र पाण्याची बाटली खंदकात न टाकता घरी न्या.