अंजिरी लुगडं

अण्णा कृषी खात्यात होते. ऐंशीच्या दशकात निफाडकडच्या गावांत रात्री शाळेच्या भिंतीवर चादर लावून ते शेतकऱ्यांना स्लाइड दाखवायचे: गव्हावरचा तांबेरा, हरभऱ्यावरची घाटेअळी, द्राक्षांवरची भुरी. रोलमध्ये दोन-चार फ्रेम उरल्या की घरचे फोटो निघायचे. त्यामुळे माझ्या आजीचा एकमेव रंगीत फोटो घाटेअळी आणि भुरी यांच्या मधोमध आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीतली एक स्लाइड.

गेल्या वर्षी अण्णांची नजर मधूनच जायला लागली. कडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. अण्णा एवढंच म्हणाले, “तो डबा एकदा बघून घेऊ.” प्रोजेक्टर कधीच भंगारात गेला होता.

मी घाईघाईने स्कॅनर घेतला. बजेट पाच-सहा हजार. ज्याच्यावर डीपीआयचा आकडा मोठा, तो घेतला. अल्बममधले फोटो त्यावर झकास आले. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला सहाशे डीपीआय भरपूर होतात. मग आजीची स्लाइड काचेवर ठेवली आणि पडद्यावर काळा चौकोन उमटला.

चूक माझीच होती. कागदी फोटोवर उजेड पडून परततो. स्लाइडमधून तो आरपार जावा लागतो. त्यासाठी स्कॅनरच्या झाकणात वेगळा दिवा हवा. स्वस्त मॉडेलांत तो नसतो, आणि ज्यांत असतो त्यांची किंमत कितीतरी पट. तुम्ही घेणार असाल तर डीपीआयच्या आधी हे बघा. दिवा असेल तर ३६ बाय २४ मिलिमीटरच्या स्लाइडला चोवीसशे डीपीआयवर साडेसात मेगापिक्सेलच्या वर मिळतात. टीव्हीवर बघायला तेवढे पुरतात.

माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते आणि अण्णांकडे तेवढा वेळ. शेवटी टॅबवर कोरा पांढरा पडदा लावला, त्याच्यावर दोन बोटं उंचीवर स्लाइड धरली (टेकवली तर टॅबचे ठिपके दिसतात), खोलीत अंधार केला आणि मित्राच्या कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढला.

आजी आली. सगळी लालसर. जुन्या स्लाइडचे रंग असे उतरतात. मी ॲपमधलं रंग सुधारायचं बटण दाबलं; विहिरीचा दगड दगडासारखा झाला, लिंब हिरवा झाला. खुशीत टीव्हीवर लावून अण्णांना बोलावलं.

ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बराच वेळ बघत राहिले.

“लुगडं चुकलंय.”

“म्हणजे?”

“हे राखाडी आहे. आईचं अंजिरी होतं. येवल्याहून मीच आणलेलं, पहिल्या पगारात.”

ॲपने फोटोतला सगळा लालसरपणा खराबी समजून काढला होता. त्यातला थोडा आजीचा होता.

मूळ फोटो ठेवला होता, म्हणून बरं. तो पुन्हा उघडला आणि अण्णांना शेजारी बसवून रंग सरकवत राहिलो. “अजून. थोडं काळपट. नाही, मागे घे. हां, बास.”

ते परत टीव्हीजवळ गेले. मान तिरकी. बराच वेळ कुणी बोललं नाही.

“हं,” म्हणाले, “आता भुरी लाव.”