दोन इंच

दुबईत मुहैस्नाला सगळे सोनापूरच म्हणतात. जुन्या मुंबईकराच्या कानाला हे नाव स्मशानाचं. इथे ते कामगारांच्या वस्तीचं. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उन्हातलं काम बंद ठेवायचा इथे नियम आहे. तेवढ्या वेळात रस्त्याकडेच्या खजुरीखाली माणसं आडवी होतात. खाली पुठ्ठा, उशाला बूट, तोंडावर हेल्मेट. परवा एकाच्या डब्याच्या पिशवीवर राजापूरच्या दुकानाचं नाव दिसलं आणि तिथले खासदार मधु दंडवते आठवले.

१९५७ ते १९९१. मनीऑर्डरीवर जगणाऱ्या त्या मुलखानं आधी नाथ पै, मग दंडवते, असे समाजवादीच दिल्लीला धाडले. १९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गात तेव्हा लाकडी फळ्या असत. त्यांच्यावर दोन इंच फोम त्यांनी बसवायला घेतला. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यात त्यांना रस नव्हता. दुसरा वर उचलायचा होता. माझे आप्पा गिरणीत होते. तो बाक पहिल्यांदा दिसला तेव्हा त्यांनी बसण्याआधी तळहातानं दाबून पाहिला. मग हळूच विचारलं, "हा आपलाच डबा ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, एवढंच माझ्या लेखी समाजवादाचं सगळं शास्त्र.

इथे पगार बँकेत जमा होतो. २०२३ पासून बेकारीचा विमाही आहे, तीन महिने मूळ पगाराच्या साठ टक्के. चांगलंच आहे, मनापासून म्हणतो. पण युनियन नाही, संप नाही. सावली किती हवी, हे झोपलेल्याला विचारायची रीतच नाही. आणि आमच्याकडे तरी विसावा कुठे आपोआप आला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. मागणारे होते, म्हणून रविवार आहे.

२००५ च्या नोव्हेंबरात दंडवते गेले. देह जे. जे. रुग्णालयाला दिला, त्यांना सोनापूर लागलंच नाही. पुढे लोकसभेच्या यादीतून राजापूर हे नावही गेलं. तो मागणारा आवाज आमच्या घराघरांतून कधी उठून गेला, कळलं नाही. पोरं विमानात बसत होती, आम्ही व्हिसाच्या घाईत होतो.

तीन वाजले. पिशवीवाला उठला. पुठ्ठा झटकला, नीट चौघडी केली आणि उद्यासाठी झाडाच्या बेचक्यात खोचून ठेवला.