वेगाची वेस

आमच्या नातवानें नुकतीच मोटारसायकल घेतली. वहिनींनीं चाकाला हळदकुंकू लावलें, नारळ फुटला, आणि लगेच चिरंजीवांनीं गाडी अंगणांतच न्यूट्रलमध्यें उभी ठेवून मूठ शेवटपर्यंत पिळली. इंजिन चढत्या स्वरानें किंचाळलें. परंतु एका ठराविक पट्टीवर पोंचतांच अडखळल्यासारखें धडधडूं लागलें. त्यापुढें तें कांहीं केल्या जाईना.

"पाहिलंत ना, आजोबा? आंत लिमिटर आहे. आतां कितीहि पिळा, इंजिनाला कांहीं होत नाहीं!"

सर्वांनीं कौतुकानें माना डोलाविल्या. आम्हीं मात्र त्यास मूठ सोडावयास सांगितलें. त्या आवाजानें आम्हांस १९७२ सालची एक रात्र आठवली होती.

नातवाचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. इंजिनांतील पिस्टन प्रत्येक फेऱ्यांत दोनदां थांबून उलट वळतो. मिनिटास दहा हजार फेरे झाले म्हणजे वीस हजार वेळां. दरवेळीं त्यास थोपवून परत ओढण्याचें काम कनेक्टिंग रॉडला करावें लागतें, आणि वेग दुप्पट झाला म्हणजे हा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. झडपा मिटविणाऱ्या स्प्रिंगांनाहि एका वेगापुढें दम राहत नाहीं. झडप वेळेवर मिटली नाहीं तर पिस्टन तिच्यावर आदळण्याचें भय असतें. म्हणून क्रँकचे फेरे मोजणारा एक संवेदक आणि त्याचा निरोप घेणारा लहानसा संगणक गाडींत बसवितात. फेरे ठरलेल्या आंकड्यास पोंचले कीं संगणक क्षणभर पेट्रोल किंवा ठिणगी तोडतो, वेग उतरला कीं पुन्हां देतो. अडखळण्याचा तो आवाज याचाच.

परंतु लिमिटर वांचवितो तें तुटण्यापासून, झिजण्यापासून नव्हे. झीज त्या वेशीच्या अलीकडेच चाललेली असते. सकाळीं इंजिन थंड असतां तेल सर्वत्र पोंचलेलें नसतें. तेव्हांच मूठ पिळली तर लिमिटरला स्पर्शहि न होतां आंतील भाग घासले जातात. आणि घाट उतरतांना एकदम फार खालचा गिअर टाकला, तर चाकेंच इंजिनास फिरवूं लागतात. तेथें पेट्रोल तोडून काय उपयोग? वेस ही रोज धांवत जाऊन धडक देण्यासाठीं नसते.

हें सर्व नातवास सांगितलें. पण आमचा हात कां कांपत होता, हें त्यास उमगेना. मग त्या दिवशीं प्रथमच आम्हीं ती रात्र सांगितली.

आमची वडिलोपार्जित शेती नगर तालुक्यांतच होती. विहिरीवर पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन होतें, मिनिटास पंधराशें फेरे करणारें. त्याच्या वेगनियंत्रकास कारागीर 'गव्हर्नर' म्हणत. आमचे थोरले बंधू, दादा, त्यास थट्टेनें 'लाटसाहेब' म्हणत. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या यंत्रास जो नियंत्रक जोडला, त्याचाच हा वंशज. दोन वजनें इंजिनाबरोबर फिरतात; वेग वाढला कीं तीं बाहेर फांकतात आणि स्प्रिंगचा विरोध मोडून इंधनपंपाचा दांडा मागें ओढतात. डिझेल इंजिनास हा पहारेकरी हवाच. त्यांत हवा मोकळी शिरते. वेग राखावयाचा तो केवळ डिझेलच्या मापानें. भार अकस्मात् उतरला आणि डिझेल तेवढेंच मिळत राहिलें, तर असें इंजिन स्वतःच्याच वेगानें फुटूं शकतें.

त्या दुष्काळांत मोसंबीची बाग सुकूं लागली. दादांनीं प्रथम गव्हर्नरची स्प्रिंग आवळली. पाणी थोडें वाढलें. अशा पंपाचे फेरे एक पंचमांशानें वाढविले तर पाणी साधारण तितकेंच वाढतें, पण इंजिनावरील भार जवळजवळ पाऊणपटीनें वाढतो, हा हिशेब आम्हांस पुढें कळला. तेवढ्यानें भागेना, तेव्हां दादांनीं इंधनाचा दांडाच तारेनें पुढें बांधून टाकला. "लाटसाहेबांना चार दिवस रजा देऊं," असें ते म्हणाले आणि आम्ही हंसलों. तार आणून दिली होती ती आम्हींच. आमचें वय तेव्हां अठरा.

तिसऱ्या रात्रीं विहिरीचें पाणी फूटव्हॉल्व्हच्या खालीं गेलें. पंपांत हवा शिरली, भार उतरला, आणि इंजिन ओरडूं लागलें. दादा तें बंद करण्यास धांवले. आम्हीं त्यांचा सदरा धरून मागें ओढलें, तोंच कनेक्टिंग रॉड इंजिनाचें पोट फोडून बाहेर आला व त्याचा तुकडा समोरच्या भिंतींत रुतला. दादा वांचले. इंजिन गेलें, आणि बागहि गेली. पुढें हयातभर दादांनीं त्या रात्रीचा विषय काढला नाहीं. आम्हींहि तारेचा काढला नाहीं.

वहिनी ऐकत होत्या. त्या शांतपणें म्हणाल्या, "तारेचं मला ठाऊक होतं, भावजी. ह्यांनीं त्याच वर्षीं सांगितलं होतं. म्हणाले, त्यानं सदरा धरून ओढलं तेवढं लक्षांत ठेव; तारेचं त्याला कधीं विचारूं नकोस."

आम्हांस कांहींच बोलवेना. नातवानें मात्र विचारलें, "मग आजोबा, बाग जळूं द्यायची होती का?"

याचें उत्तर आम्हांस त्याच तालुक्यांतील हिवरे बाजारांत मिळेल असें वाटलें, म्हणून पुढच्या रविवारीं त्याच्याच गाडीवर मागें बसून तेथें गेलों. पाऊस तेथेंहि बेताचाच. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार सरपंच असतां लोकांनीं डोंगरावर चर खणले, बंधारे बांधले, झाडें लावलीं. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, शेतीसाठीं बोअर घेण्यास मनाई केली, आणि फार पाणी पिणाऱ्या उंसाकेळीसारख्या पिकांना आवर घातला. पाऊस किती पडला व भूगर्भांत पाणी किती आहे याचा ताळेबंद मांडावयाचा, प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी वेगळें काढावयाचें, आणि उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं, अशी तेथील रीत आहे.

विहिरीच्या कांठावर उभे असतां आम्ही नातवास म्हणालों, "दादांनीं वेस मोडली ती इंजिनाची, खरी वेस विहिरीची होती. ती आम्हीं कधीं मोजलीच नाहीं. मोजली असती, तर एवढी बाग लावलीच नसती."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इथं तार बांधणंहि सोपं नाहीं, आजोबा. सगळं गांव पाहत असतं."

परततांना त्यानें गाडी सुरू करून मिनिटभर तशीच मंद चालू दिली आणि वाटेंत मूठ अर्ध्यावर नेली नाहीं. आमच्या भीतीस्तव कीं स्वतःस पटलें म्हणून, तें आम्हीं विचारलें नाहीं.