न तुटलेले बोट

वेदना या विषयावर सर्वांस समजेल असे काही लिहून द्यावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा माझ्या मेजावर भोसरीच्या एका कामगाराच्या नुकसानभरपाईच्या दाखल्याचा कागद दोन आठवडे तसाच पडून होता. आणि वेदनेविषयी जे काही सर्वसामान्य लिहू जावे ते त्या कागदापाशी येऊन अडे, म्हणून अखेर त्याच्याविषयीच लिहितो.

आठ माणसांच्या लहानशा वर्कशॉपात हा गृहस्थ पॉवर प्रेसवर काम करीत असता डायखाली उजव्या हाताची तर्जनी चेपली. बोट वाचले, सहा आठवड्यांत हाड जुळले, व्रण सुकला आणि मालकाने कामावर रुजू होण्याचा निरोप धाडला. परंतु तोवर बोटापासून कोपरापर्यंतचा हात निखाऱ्यावर धरल्यासारखा जळू लागला होता. सदऱ्याची बाही घासली, पंख्याचा वारा लागला, तरी तो कळवळे. माझ्याकडे आला तो हाताला ओला पंचा गुंडाळून. पंचा सोडवून पाहतो तो पंजा सुजलेला, निळसर, घामाने डबडबलेला, त्वचा ताणून चकाकणारी, आणि डाव्या हाताच्या मानाने स्पष्ट थंड. एक्स-रेत मात्र हाड उत्तम जुळलेले. तेवढ्यावरून मालकाने ‘हे नाटक आहे’ असा निकाल देऊन टाकला होता.

त्या ओल्या पंच्याने मी चमकलो. अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात जखमी शिपायांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या माणसांच्या याच दाहाचे वर्णन करताना, ते हात सदैव ओल्या फडक्यात ठेवतात, असे नोंदवून ठेवले आहे. त्यांचा ग्रंथ १८६४ सालचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या परदेशी शिपायांनी जो उपाय शोधला तोच भोसरीच्या माणसाने कोणी न शिकवता शोधावा, ही गोष्ट नाटकाने घडत नाही.

या व्याधीच्या नावाचा वाद येथे सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. १९४६ पासून तिला ‘रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी’ म्हणत, म्हणजे दोष अनुकंपी मज्जासंस्थेचा, हे नावातच गृहीत धरलेले. आणि नाव तसे म्हणून उपचारही तसा, मानेच्या पुढील बाजूने त्या मज्जातंतूंच्या गाठीपाशी भुलीचे औषध सोडण्याचा. मी मूळचा भूलतज्ज्ञ. अशी शेकडो इंजेक्शने मी दिली आहेत. या गृहस्थालाही दिले. उजवी पापणी किंचित खाली आली, बाहुली लहान झाली, पंजा ऊबदार झाला, म्हणजे औषध अचूक जागी पोहोचले. आणि जळजळ होती तेथेच राहिली. काहींना या उपायाने आराम पडतो, हे मी पाहिले आहे. परंतु मूळ दोष मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यातही शिरलेला असतो, तेथील पेशी साध्या स्पर्शाची वर्दी दाह म्हणून देऊ लागतात, आणि जखम भरून आल्यावरही ती वर्दी थांबत नाही. १९९४ साली कारणाचा उच्चार टाळणारे ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ हे नाव आले, ते मला अधिक प्रामाणिक वाटते.

‘हाताला विश्रांती द्या’ हा घरोघर मिळणारा सल्ला या दुखण्यात घातक ठरतो. हात थोडाथोडा, रोज, वेदना सोसवेल त्या बेताने वापरावा लागतो. ‘मनाचे खेळ आहेत’ हे वाक्य तर सुशिक्षितांच्या तोंडूनही इतक्या वेळा ऐकले आहे की आता थकवा येतो.

राहिला तो कागद. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवांचा हिशेब मांडलेला होता: तर्जनी समूळ गेली तर कमाईच्या शक्तीत शेकडा १४ ची घट. बोट जागेवर असून हात अंशतः निकामी झाला, तर अनुसूची मूक होती. तेथे कायद्याने तो आकडा डॉक्टरच्या विवेकावर सोपविला होता. ही तजवीज मला योग्य वाटते, आणि तिचेच मला ओझेही वाटते. ‘डॉक्टरसाहेब, बोट तुटलं असतं तर बरं झालं असतं, दाखवता तरी आलं असतं,’ असे त्याची पत्नी म्हणाली, आणि तो मान खाली घालून बसला.

शेऱ्याच्या रकान्यात मी ६० लिहिले. उजव्या हाताने तो चहाचा कप धरू शकत नाही, प्रेस तर दूरच, हे कारण खाली सविस्तर नोंदविले. तरी ५० का नव्हे, ७० का नव्हे, असे वकिलाने विचारले तर गणिताने देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही.

दाखला घेताना त्याने दबक्या आवाजात विचारले, सुनावणीच्या दिवशी पंचा कोरडा न्यावा काय. ओला पाहून साहेबांना सोंग वाटेल. ओलाच न्यावा, आणि सोबत पाण्याची बाटलीही असू द्यावी, असे मी त्याला सांगितले.